धावफलकातला जास्तीचा शब्द

जुळारी म्हणजे काय, हे आता माझ्या नातवंडांनाही समजावून सांगावं लागतं. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, उलटे वाचायचे, ओळीत जुळवायचे आणि संध्याकाळी काळी बोटं घेऊन घरी जायचं. रत्नागिरीच्या एका छापखान्यात मी हे काम नऊ वर्षं केलं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि आठवड्याला चार पानांचं एक वर्तमानपत्र. मग तेलाचे भाव आभाळाला भिडले आणि आमच्या खाडीकाठच्या गावांतून घरटी एक माणूस सौदीला निघाला. कोणी वेल्डर म्हणून गेला, कोणी सुतार, कोणी गवंडी. मी जुळारी म्हणून गेलो. पोचल्यावर कळलं, की तिथे खिळेच नाहीत.

अल खोबरच्या त्या छापखान्यातून एक इंग्रजी साप्ताहिक निघायचं. वाचणारे सगळे परदेशी: इंजिनियर, नर्सा, बँकेतले लोक आणि कॅम्पांमधले थोडंफार इंग्रजी वाचणारे कामगार. मालक अबू सालेह, तेच माझे कफील, म्हणजे सरकारदरबारी माझे जामीनदार. त्यांच्या हातात माझा पासपोर्ट आणि माझ्या खिशात इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, एवढ्यावर माझं तिथलं अस्तित्व उभं होतं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक धारदार पातं आणि मेणाचा डबा दिला. मजकूर यंत्रावर टाइप होऊन चकचकीत कागदाच्या लांब पट्टीवर यायचा. ती पट्टी कापायची, मागे मेण लावायचं आणि पानाएवढ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर सरळ रेषेत चिकटवायची. पुठ्ठा भरला की त्याचा फोटो, फोटोवरून प्लेट, प्लेटवरून छपाई. या कामाला पेस्टअप म्हणत. महिनाभरात माझा हात बसला. खिळ्यांपेक्षा सोपं होतं, आणि चुका करायलाही सोपं होतं.

चुका सगळ्याच वाईट नसतात. बुरैदाच्या एका खजूर व्यापाऱ्याची जाहिरात मी एकदा उलटी चिकटवली. खजुराचा घड खाली लोंबायच्या ऐवजी आकाशाकडे निघालेला. गुरुवारी अंक निघाला आणि शनिवारी तो गृहस्थ सातशे किलोमीटर गाडी हाकत छापखान्यात हजर. मी मागच्या दाराकडे बघायला लागलो. त्याने खजुराचा खोका टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या आठवड्यातही तशीच छापा. प्रत्येकाने पेपर फिरवून वाचली."

माझ्या ज्या चुकीविषयी मी लिहायला बसलो आहे, ती इतकी नशीबवान नव्हती. ती सांगायची तर आधी अ‍ॅशकोम साहेबांविषयी सांगायला हवं.

जेराल्ड अ‍ॅशकोम आमच्या साप्ताहिकाचे संपादक. नावाला संपादक, कामाला सगळंच. बातम्या तेच निवडायचे, मथळे तेच द्यायचे, खेळाचं पान तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचं. साठीच्या आसपासचे, उंच, किंचित वाकलेले. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं वाकडीतिकडी होती, टाइपरायटरवर दोनच बोटं चालायची. मला वाटलं संधिवात असेल. एक दिवस त्यांनीच सांगितलं, की तरुणपणी ते इंग्लंडमधल्या एका काउंटीकडून यष्टिरक्षण करायचे. तीन उन्हाळे खेळले. बोटं तिथे गेली.

"म्हणजे तुम्ही मोठे खेळाडू!" मी म्हणालो.

"नाही, मिस्टर परकार. मी हौशी खेळाडू होतो."

ते सगळ्यांना मिस्टर म्हणायचे, चहा आणणाऱ्या येमेनी म्हाताऱ्यालासुद्धा. हौशी म्हणजे काय, ते मला कळायला वेळ लागला. त्या काळी इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या. काही जण पगार घेऊन खेळायचे, त्यांचं पोट त्यावर. काही जण एक पैही न घेता खेळायचे, ते हौशी, सभ्य घरचे. कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. मैदानात उतरायची दारंसुद्धा वेगळी. आणि छापील धावफलकात हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची आडनावाच्या नंतर. पुढे हा भेद नियमानंच रद्द झाला. साहेब मात्र हिवाळ्यात वर्तमानपत्रात नोकरी करून उन्हाळ्यात फुकट खेळणारे, म्हणजे सभ्यांच्या खोलीत बसणारे पण खिसा रिकामा असणारे.

हे त्यांनी मला का सांगितलं, तर आमच्या भागात तेव्हा कॅम्पाकॅम्पांचे क्रिकेट सामने जोरात होते. वाळूवर डांबराचा पट्टा, त्यावर काथ्याची चटई, ती पिच. शुक्रवारी सुट्टी, सकाळी ऊन चढायच्या आत सामना. शनिवारी धावफलक आमच्याकडे यायचे. पहिल्यांदा मी एक धावफलक लावला, त्यात ऑफिसच्या संघातल्या साहेब लोकांना मिस्टर लावलं होतं आणि कामगार संघातल्यांची नुसती नावं होती. आले तसे लावले. अ‍ॅशकोम साहेबांनी पान बघितलं आणि बोट ठेवलं.

"बावीसच्या बावीस नावं एकसारखी लावा. मिस्टर असेल तर सगळ्यांना, नसेल तर कोणालाच नको."

"बावीस मिस्टर ओळीत मावणार नाहीत, साहेब."

"मग झालं तर. कोणालाच नको."

तेव्हापासून आमच्या पेपरात कंपनीचा मॅनेजर आणि पाइप फिटर एकाच मापानं छापले जायला लागले. काही मॅनेजरांचे फोन आले. साहेबांनी ते ऐकले आणि खाली ठेवले.

धावफलक लावणं हे किचकट काम. प्रत्येक नावापुढे तो कसा बाद झाला ते. मी एक युक्ती काढली होती. नेहमी लागणारे शब्द, 'नॉट आउट', 'रन आउट' असे, एकदमच पुष्कळ टाइप करून घेतले, कापले आणि लाकडी खणांच्या ट्रेमध्ये ठेवले. टाइपात काही पुसट आलं की परत टाइपिस्टकडे न जाता ट्रेमधली पट्टी उचलायची आणि वरून चिकटवायची. या ट्रेचा मला फार अभिमान होता. आलेल्या पाहुण्याला मी तो दाखवायचो.

खोबरपासून तासभरावर एका मोठ्या ठेकेदार कंपनीचा कॅम्प होता. नाव सांगत नाही. तिथल्या कामगार संघाचा धावफलक जोसेफ नावाचा एक केरळी टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणारा, लिहायचा. अक्षर मोत्यासारखं. एका शनिवारी त्याने आणलेल्या कागदावर कामगार संघात दहाच जणांनी फलंदाजी केलेली होती. अकराव्या नावापुढे लिहिलं होतं, 'अ‍ॅब्सेंट'. गैरहजर. ते नाव होतं दत्ताराम म्हात्रे.

मंगळवारी मी पान लावत होतो. पट्टी चिकटवताना माझा मेणाचा अंगठा नेमका त्या शब्दावर पडला आणि शब्द फरफटला. मी ट्रेकडे हात नेला. नुसत्या 'अ‍ॅब्सेंट'ची पट्टी माझ्याकडे नव्हती, कारण तशी कधी लागलीच नव्हती. जी होती ती 'अ‍ॅब्सेंट हर्ट'. क्रिकेटमध्ये याचा अर्थ ठरलेला आहे: सामन्यात हा माणूस जखमी झाला, म्हणून फलंदाजीला आला नाही. मला तेव्हा वाटलं, गैरहजर तो गैरहजर, काय फरक पडतो? मी ती पट्टी वरून चिकटवली. अ‍ॅशकोम साहेबांनी पान तपासलं, त्यांच्याही नजरेतून ते सुटलं. बुधवारी छपाई झाली.

पुढच्या शनिवारी जोसेफ आला तेव्हा त्याच्या हातात नवा धावफलक नव्हता. आमचा अंक होता, घडी घालून घालून मऊ झालेला.

"भाईसाब," तो मला हिंदीत म्हणाला, "ये हर्ट किसने लिखा? मैंने तो नहीं लिखा."

मग त्याने जे सांगितलं ते असं. त्या शुक्रवारी नाणेफेक झाल्यावर फोरमन मैदानावर आला आणि दत्तारामला घेऊन गेला. पाइपच्या यार्डात तातडीचं वेल्डिंग होतं. शुक्रवारी यार्ड बंद असायला हवं होतं, म्हणून ते काम कागदावर कुठेच नव्हतं. तासाभरात एक पाइप घरंगळला आणि दत्तारामचा उजवा हात त्याखाली सापडला. आता कंपनी म्हणत होती, की कामावर अपघात झालाच नाही, यार्ड तर बंद होतं. हा माणूस क्रिकेट खेळताना जखमी झाला. कामावरची जखम असती तर मोठ्या इस्पितळात उपचार करणं आणि बरा होईपर्यंत त्याला ठेवून घेणं कंपनीला भाग होतं. खेळातली जखम म्हणजे त्याचं तो बघेल. कॅम्पच्या दवाखान्यात पट्टी बांधून महिनाअखेर त्याला घरी पाठवायचं ठरलं होतं. खलास. आणि कोणी विचारलंच, तर पुरावा म्हणून कंपनीच्या फायलीत आमच्या पेपरचं कात्रण होतं.

अ‍ॅशकोम साहेब आलेला एकही मूळ कागद फेकायचे नाहीत. त्यांनी खोक्यातून जोसेफचा कागद काढला, अंकाशेजारी ठेवला आणि दोन्ही वाचले.

"साहेब, तो शब्द मी लावला," मी म्हणालो. 

"ठाऊक आहे. आणि मी पान पास केलं." त्यांनी टोपी उचलली. "चला, त्या माणसाला भेटायला हवं."

त्यांची गाडी जुनी होती आणि वाळूतून जाणारा रस्ता सरळ होता.  अर्ध्या वाटेवर, समोर बघतच, त्यांनी एक हकिगत सांगितली.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात एका सामन्यात त्यांनी एक झेल पकडला. चेंडू ग्लोव्हमध्ये येण्याआधी जमिनीला लागला होता, हे त्यांच्या बोटांना कळलं होतं. तरी अपील केलं. पंचांनी बोट वर केलं. फलंदाज पगारी होता, चाळिशीला टेकलेला, त्या मोसमात त्याचा करार पुन्हा होणार की नाही हे ठरायचं होतं. जाताना तो थांबला आणि म्हणाला, "पकडलात ना, सर?" पगारी खेळाडू हौशांना सर म्हणायचे. साहेब म्हणाले, "हो." साहेब हिवाळ्यात जिथे नोकरी करायचे त्याच वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी त्या सामन्याचा वृत्तान्त त्यांनीच लिहिला, तेव्हा लिहिणाऱ्याचं नाव छापत नसत. त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, की झेल खालचा आणि स्वच्छ होता. मोसम संपला, त्या माणसाचा करार झाला नाही. काही वर्षांनी साहेबांना तो एका गावात कोळशाच्या गाडीवर पोती उतरवताना दिसला. त्याने टोपीला हात लावून नमस्कार केला.

"मी खेळात हौशी होतो, मिस्टर परकार," साहेब म्हणाले. "हरलो तरी माझं काही जात नव्हतं. त्याचं सगळं जात होतं. आणि खोटं मी बोललो, तो नाही."

 कॅम्पचं फाटक आलं.

दत्ताराम म्हात्रे पेणजवळच्या गावचा, तिशीतला, रुंद खांद्यांचा. संघाचा जलद गोलंदाज तोच. पत्र्याच्या खोलीत कॉटवर बसला होता. हात कोपरापर्यंत गुंडाळलेला, बोटांची टोकं काळीनिळी. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा खुलला. त्याने सगळं सांगितलं, मी साहेबांना इंग्रजीत सांगत गेलो. शेवटी तो म्हणाला, "आयुष्यभर ह्या हातानं वेल्डिंग केलं. ह्यो हात घेऊन गावाला जाऊन काय करू? पेपरात ज्यानं ता लिवलाय ना, त्याचा थोबाड बघायचाय मना एकदा."

ते शेवटचं वाक्य मी इंग्रजीत केलं नाही.

"काय म्हणाले ते?" साहेबांनी विचारलं.

"विचारतोय, पेपरात ते कोणी लिहिलं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "सांगा त्यांना, मी लिहिलं. माझी चूक आहे आणि ती मी दुरुस्त करणार आहे."

आणि मी ते तसंच्या तसं सांगितलं. मराठीत, माझ्याच तोंडानं. दत्तारामने साहेबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "गोऱ्या मानसाला काय बोलू? करा म्हनावा काय ता." मी खाली फरशीकडे बघत होतो. माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल तर त्या अर्ध्या मिनिटाची.

साहेबांनी त्याच दिवशी दुरुस्ती लिहिली. चार ओळींची. दत्ताराम म्हात्रे यांच्या नावापुढचा 'हर्ट' हा शब्द चुकीने छापला गेला. नाणेफेकीनंतर त्यांना कामावर बोलावून नेण्यात आलं होतं, ते सामन्यात जखमी झाले नाहीत. चूक संपादकाची आहे. खेळाच्या पानावर सगळ्यांत वर, चौकटीत.

अबू सालेह यांनी ती वाचली आणि साहेबांना आत बोलावलं. मी शेजारच्याच टेबलावर होतो, मधे काचेची भिंत, सगळं ऐकू येत होतं. अबू सालेह माणूस वाईट नव्हता. रमजानमध्ये आम्हा सगळ्यांबरोबर जमिनीवर बसून रोजा सोडायचे. पण त्या कंपनीची पानभर जाहिरात दर आठवड्याला असायची.

"मिस्टर जेराल्ड, क्रिकेटमधला एक शब्द. कोण वाचतो?"

"कंपनीने वाचला."

"पुढच्या महिन्यात छापू. शेवटच्या पानावर, लहान."

"चूक जिथे आणि ज्या मापात छापली, दुरुस्तीही तिथे आणि त्याच मापात. आणि पुढच्या महिन्यात तो माणूस इथे नसेल."

"मी नाही म्हणालो तर?"

"तुम्ही मालक आहात. मला काढू शकता. पण पान आज तयार होतंय आणि कोणाला काढायचं तर कागदपत्रांना तीन दिवस लागतात. तोवर अंक बाजारात असेल."

अबू सालेह खुर्चीत मागे टेकले. मग अरबीत काहीतरी पुटपुटले, मला एवढंच कळलं, की इंग्रज आणि उंट या दोघांविषयी होतं. दुरुस्ती छापली गेली.

कंपनीवर तिचा काही परिणाम झाला नाही. त्यांचं म्हणणं, पहिलं छापलं तेच खरं, दुरुस्ती कोणाच्या तरी दडपणाने आली. जोसेफची बदली एका आठवड्यात दूर वाळवंटातल्या हफ्र अल बातिनच्या साइटवर झाली, म्हणजे साक्षीदार गेला. पण साहेब थांबणारे नव्हते. त्यांनी दत्तारामकडून कामगार कचेरीत तक्रार करवली. अर्ज साहेबांनी लिहिला, त्याचं अरबी एका ओळखीच्या मुनशीकडून करून घेतलं, दत्तारामने डाव्या हातानं सही केली. तक्रार दाखल झाल्यावर कंपनीला त्याला परत पाठवणं थांबवावं लागलं. सुनावणीची तारीख मिळाली.

दम्मामच्या त्या कचेरीत आम्ही सकाळी आठ वाजता पोचलो. साहेबांनी पुरावा म्हणून जोसेफचा कागद आणला होता, आणि त्या पानाचा मूळ पुठ्ठासुद्धा, ज्यावर मी पट्ट्या चिकटवल्या होत्या. आम्ही पुठ्ठे वर्षभर जपून ठेवत असू. पुठ्ठा मीच काखेत धरून आणला होता. अधिकारी पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, शांत बोलणारे. एक दुभाषा होता, अरबी आणि हिंदी बोलणारा; साहेबांना अरबी कामापुरती बोलता यायची. दत्ताराम बाकावर बसला होता, हाताची पट्टी नवी. समोर कंपनीचा माणूस, फायलीसकट.

कंपनीचा माणूस थोडक्यात बोलला. कागदावर 'हर्ट' नाही, पण तो कागद केव्हा लिहिला हे कोणी बघितलं? छापलेला शब्द हजारो लोकांनी बघितला आहे.

अधिकाऱ्यांनी साहेबांना विचारलं, "हा शब्द पानावर कोणी लावला?"

"जबाबदारी माझी आहे."

"जबाबदारी मी विचारत नाही. हात कोणाचा?"

साहेबांनी नजर टेबलावरच्या कागदाकडे वळवली. त्यांना माझं नाव घ्यायचं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. अधिकाऱ्यांनी पुठ्ठा उचलून खिडकीकडे तिरपा धरला. उन्हात त्या एका जागी कागद जरा जाड दिसला, एकावर एक चिकटवलेला. इतर कोणाच्या ते लक्षात आलं नसेल. माझ्या आलं, कारण त्या पट्टीखाली काय आहे हे जगात एकट्या मला माहीत होतं. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचा उपयोग काय, एवढंच कळत नव्हतं. किंवा कळून घ्यायचं नव्हतं, असंही म्हणता येईल.

माझा इकामा अबू सालेह यांच्या नावावर होता. गावात घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि वर छप्पर नव्हतं. घरी म्हातारी अम्मी, बायको, तीन मुलं. सरकारी कचेरीत जाऊन स्वतःच्या हातून खोटं छापलं गेलं असं सांगणाऱ्या परदेशी माणसाचं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला वेळही नव्हता.

मी उभा राहिलो. "अना," मी अरबीत म्हणालो. म्हणजे 'मी'.

साहेबांनी वळून बघितलं. "मिस्टर परकार, गरज नाही."

"आहे, साहेब," मी म्हणालो, आणि टेबलाजवळ गेलो. अधिकाऱ्यांची परवानगी मागितली. या मेणाचा एक गुण आहे, ते कधी पूर्ण वाळत नाही. मी त्या पट्टीच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि हळूच, कागद फाटू न देता, 'अ‍ॅब्सेंट हर्ट' उचललं. खाली फरफटलेला, पण वाचता येईल असा एकच शब्द होता. 'अ‍ॅब्सेंट'. त्याच्यापुढे कोरा कागद.

मी मोडक्यातोडक्या अरबीत, अडेल तिथे हिंदीत, सगळं सांगितलं. अंगठा कसा पडला, ट्रे कसा होता, कोणती पट्टी नव्हती आणि कोणती उचलली. टाइप झालं तेव्हा हा शब्द एकटाच होता. दुसरा मी माझ्या आळसानं आणला. अधिकाऱ्यांनी भिंग काढलं आणि पुठ्ठ्यावर वाकून बराच वेळ बघितलं. मग ती पट्टी स्वतः उचलून दोनदा लावली आणि काढली. कंपनीच्या माणसाला त्यांनी एवढंच विचारलं, "त्या शुक्रवारचं यार्डाच्या फाटकाचं रजिस्टर कुठे आहे?"

कंपनीच्या माणसाने दोन दिवसांची मुदत मागितली. रजिस्टर कधी आलंच नाही. त्याआधीच दत्तारामला दम्मामच्या मोठ्या इस्पितळात हलवलं आणि कामावरचा अपघात म्हणून नोंद झाली. शस्त्रक्रिया झाली. उशीर झाल्यामुळे दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्याशेजारचं. अंगठा आणि दोन बोटं वाचली.

मी कचेरीत बोलत असताना दुभाषा सगळं दत्तारामला हिंदीत सांगत होता. बाहेर पडल्यावर मी त्याच्याकडे गेलो. म्हणालो, "दत्ताराम, त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो." त्याने माझ्याकडे नीट बघितलं, त्याला बघायचं होतं तसं. मग वळून कंपनीच्या गाडीत जाऊन बसला. इस्पितळात मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याने भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्यांदा मी गेलो नाही.

छापखान्यात परतल्यावर मी माझा तो ट्रे रिकामा केला आणि पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. अबू सालेह यांनी मला बोलावलं. कंपनीने जाहिरात बंद केली होती. मी बॅग भरायच्या तयारीनेच आत गेलो.

"चुका सगळेच करतात," ते म्हणाले. "पण सरकारी कचेरीत जाऊन दाखवणारा पहिलाच बघितला. तू राहा. असा माणूस माझी चोरी करणार नाही."

अ‍ॅशकोम साहेबांचा करार मात्र त्यांनी पुन्हा केला नाही. साहेबांना ते दुरुस्ती लिहिली त्या दिवसापासूनच माहीत होतं. जाण्याआधी पंधरा दिवस ते नव्या संपादकाला काम शिकवत बसले, जराही आकस न ठेवता. विमानतळावर मीच सोडायला गेलो. एक सूटकेस आणि टाइपरायटर, एवढंच सामान.

"साहेब, माझ्या चुकीपायी तुमची नोकरी गेली."

"नाही," ते म्हणाले. "तुमच्या चुकीने एक चुकीचा शब्द छापला गेला. नोकरी मी सोडली म्हणा. आणि खरं सांगू? एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला घरी जावंसं वाटतंय." त्यांनी ती वाकडी बोटं पुढे केली, आम्ही हात मिळवले आणि ते आत गेले. पुढे त्यांची दोन-तीन पत्रं आली, एका लहान गावातल्या वर्तमानपत्रात ते शाळांचे सामने लिहायचे. मग पत्रं थांबली.

मी त्या छापखान्यात आणखी अकरा वर्षं काढली. घराला छप्पर झालं, मुलं शिकली. परत आल्यावर एक गोष्ट राहिली होती. ती करायला मला आणखी सहा वर्षं लागली, कारण पेणला जाणारी एसटी गाठणं सोपं होतं, तिच्यातून उतरणं अवघड होतं. शेवटी एका सकाळी उतरलो. विचारत विचारत गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेलाच शेड दिसली. दारं, खिडक्यांचे गज, फाटकं. दत्ताराम आता केस पांढरे झालेला, डोळ्यांवरची काच वर सरकवून बघत होता. वेल्डिंगचा दांडा त्याने अंगठा आणि दोन बोटांत धरला होता आणि त्या बोटांनी काम करायची त्याची त्याने रीत बसवली होती.

मी नाव सांगायच्या आत त्याने दांडा खाली ठेवला.

"परकार," तो म्हणाला.

मी म्हणालो, "माफी मागायला आलो."

 त्याने शेडमागच्या घराकडे तोंड करून हाक मारली. त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तो तिला म्हणाला, "तुला सांगतो ना नेहमी? पेपरातला मानूस? ह्यो तो. ह्यानंच मना बुडवला, आन् ह्यानंच वर काढला."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं ऐकलेल्या माणसाला पहिल्यांदा बघताना बघतात, तसं. मी मान खाली घातली.

"मग उन्हात काय उभं केलंय त्यांना?" ती नवऱ्याला म्हणाली. "भाऊ, आत या. भाकऱ्या करतेच हाय, जेवल्याशिवाय जायचा नाय."